नवा लूक राहू द्या, मागचं दार दाखवा!

मंडळी, आपल्याकडे सध्या हॉटेलं 'रिनोव्हेट' करायची लाट आलीय. पीओपीचं सीलिंग, रंगीत लाईट, काचेची एसी फॅमिली रूम. करा की! धंदा आहे, सजवायलाच हवा. पण मालक, प्लॅन काढताना एवढं तरी विचारलंत का, की आग लागली तर माणसं बाहेर कुठून पडणार?

कुर्ल्याचं सिटी किनारा आठवतंय? १६ ऑक्टोबर २०१५. खाली आग, वर पोटमाळ्यावर जेवायला बसलेली पोरं. ८ जीव गेले. डिसेंबर २०१७, कमला मिल, १४ जीव.

आणि आपण? चार टेबलं वाढवायला मागचं दार बुजवतो, १९ किलोचे सिलिंडर जिन्याखाली कोंबतो, कामाची पोरं पोटमाळ्यावर झोपवतो. गिऱ्हाईक तासाभरात उठून जातं, ही पोरं रात्रभर तिथंच असतात.

"जागा भाड्याची आहे हो," म्हणून सुटका नाही. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यात मालक आणि जागा वापरणारा, दोघंही येतात. आगीची यंत्रणा चालू असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला दर जानेवारी-जुलैत द्यायचा असतो. किती हॉटेलांनी दिला? नगरपालिकेनं यादी बोर्डावर लावावी!

खर्च परवडत नाही म्हणता? झुंबराला पैसे आहेत, दाराला नाहीत?

लोकहो, पुढच्या वेळी मेनूकार्डाआधी मागचं दार विचारा. नसेल तर उठा. गिऱ्हाईक उठलं की मालकाला कायदा लवकर समजतो.