पोरांना आवड नाही, की आपण त्यांना विचारलंच नाही?



"वस्तीतल्या पोरांना भाषा शिकायची आवडच नाही," असं आपलेच शिकलेले लोक म्हणतात. आमचा याला ठाम विरोध आहे.

तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातलं गाडीवाट आठवा. २०१९ मध्ये तिथल्या जिल्हा परिषद शाळेने पोरांना विचारलं, कोणती परदेशी भाषा शिकायची? बहुतेकांनी जपानी निवडली, कारण त्यांना रोबोटिक्स शिकायचं होतं. पुढे ऑनलाइन मोफत वर्ग मिळाले आणि शिकलेली पोरं 'विषयमित्र' होऊन इतरांना शिकवू लागली. आधी विचारलं, मग शिकवलं. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारून फारसी घ्यायला लावली होती. आपली भाषा दुसऱ्याने ठरवायची, हा रोग तेवढा जुना आहे.

आम्हीही चुकलो. पेडगावच्या पोरांचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला आणि रोज दहा इंग्रजी शब्द टाकले. पोरांनी अंगठे पाठवले. महिन्याभरात ग्रुप थंड पडला. त्यात पोरांना करण्यासारखं काही नव्हतं, फक्त घोकायचं होतं.

मग काम बदललं. आमच्या पोरांनी इंग्रजी व्हॉइस मेसेजमध्ये गाव सांगायचं आणि दुसऱ्या तालुक्यातल्या पोरांनी ते ऐकून नकाशा काढायचा. रेल्वे स्टेशन कुठे, शाळा कुठे, विहार कुठे. नकाशा चुकला की पुन्हा विचारायचं, पुन्हा सांगायचं. एकमेकांशिवाय काम पुरंच होत नव्हतं. चार पोरांत एक फोन, दर वेळी बोलणारा वेगळा, पहिली पाळी मुलीची. तयारी मराठीत चालेल. नकाशा होईपर्यंत व्याकरणाच्या चुका काढायच्या नाहीत.

नकाशा आला आणि पलीकडून प्रश्नही आला: "युवर वस्ती, व्हाय आउटसाइड?"

आमची सातवीतली पोरगी दोन दिवस शब्द शोधत होती. कुणी सांगितलं नव्हतं. तिला उत्तर द्यायचं होतं. तिथे आवड शिकवावी लागली नाही.

म्हणून विहारात वर्ग घेणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला आमचं सांगणं आहे: शब्दांच्या याद्या फॉरवर्ड करणं थांबवा. १४ एप्रिलला पोरांकडून पाठ केलेलं भाषण म्हणून घेतलं म्हणजे शिक्षण झालं, हा भ्रमही सोडा. दुसऱ्या गावातला एक वर्ग शोधा. दोन्हीकडच्या पोरांना एकमेकांची गरज पडेल असं काम द्या आणि बाजूला व्हा.

ज्याला प्रश्न विचारता येतो, त्याला गप्प बसवणं अवघड असतं. व्यवस्थेला हे ठाऊक आहे. आपल्याला कधी कळणार?

जयभीम!