पुतळा जाळण्यापेक्षा एक नाव धरा



परदेशातल्या जुलमाची बातमी आली की चौकात पुतळा जळतो, बहिष्काराची घोषणा होते आणि आठवड्याभरात तोच माल पुन्हा घरात येतो. वर पुन्हा म्हणायचे, सामान्य माणूस दुसरे काय करणार? निदान कोल्हापूरकरांनी तरी हे म्हणू नये. संगीतकार सुधीर फडके याच गावात जन्मले, आणि सामान्य माणूस काय करू शकतो ते त्यांनी दाखवले.

सांगलीचे स्वातंत्र्यसैनिक मोहन रानडे 1955 मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या गोव्यात बेतीच्या पोलिस चौकीवरील हल्ल्यात पकडले गेले. शिक्षा झाली 26 वर्षांची. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, तरी ते लिस्बनजवळच्या तुरुंगातच राहिले. पोर्तुगालशी राजनैतिक संबंध तुटलेले, त्यामुळे दिल्लीला थेट बोलायचीही सोय नव्हती. अशा वेळी गाण्यांना चाली लावणाऱ्या फडक्यांनी रानड्यांच्या सुटकेचा ध्यास घेतला. पुढे 1968 मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई पोपना भेटले आणि त्यांनी रानड्यांच्या सुटकेसाठी शब्द टाकला. जानेवारी 1969 मध्ये रानडे सुटले. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार आदल्या सप्टेंबरातच पायउतार झाला होता, त्याचाही हातभार असेल. पण रानड्यांचे नाव कोणी लावूनच धरले नसते, तर नव्या सरकारला तरी त्यांना सोडायची काय निकड होती?

पुतळ्याची राख जुलमी सरकारला दिसतही नाही. कैद्याचे नाव वारंवार विचारले गेले, तर निदान उत्तर टाळावे लागते. असेच एक नाव पाहा: दलाई लामांनी पंचेन लामा (तिबेटी बौद्धांचे दलाई लामांनंतरचे मोठे धर्मगुरू) म्हणून निवडलेल्या गेदुन चोएकी न्यिमाला चीनने मे 1995 मध्ये ताब्यात घेतले. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्यानंतर तो जगासमोर आलेला नाही. हिवाळ्यात स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटींशी आपण पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. या मुलाबद्दल कधी विचारतो का?

मंगळवार पेठेतल्या पत्राने बीजिंग हलणार नाही, हे मलाही कळते. एका पत्राने लिस्बनही हलले नव्हते. म्हणून माझी तालीम मंडळांना विनंती आहे: एका तालमीने परदेशातल्या अशा एका कैद्याचे नाव लावून धरावे. फलकावर त्याचे नाव लिहावे, दर महिन्याला त्याला डांबणाऱ्या देशाच्या दिल्लीतल्या दूतावासाला पत्र धाडावे आणि संसदेत प्रश्न विचारण्यासाठी खासदारांच्या मागे लागावे. कैद्याच्या घरच्यांची नावे मात्र कुठेही छापू नयेत. त्याची किंमत त्यांना तिकडे मोजावी लागते. यंदाच्या गणेशोत्सवाच्या बैठकीतच हा विषय घ्यावा.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर