लाडवांचा डबा आणि मागचा पट्टा

धनत्रयोदशीला भाच्याच्या मोटारीतून आम्ही वालीवहून दादरला निघालो. पुढे भाचा आणि मी. मागे आमची अक्का, तिच्या मांडीवर वर्षाचा नातू आणि शेजारी सीटवर बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा.

"अक्का, पट्टा लाव," मी म्हटले.

"मागं बसून कसला रे पट्टा? आणि बाळाला मी धरलंय की घट्ट!"

अक्कापुढे आमच्या घरात कोणाचे चालत नाही. मीही गप्प बसलो.

वालीवच्या कारखान्यांच्या गल्लीतून टेंपो कधी बाहेर येईल याचा नेम नसतो. एक आलाच. भाच्याने करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली, डबा थांबला नाही. तो माझ्या सीटच्या पाठीवर आपटला, झाकण उडाले आणि लाडू पायांशी घरंगळले. अक्काही पुढे कलंडली. वेग बेताचा होता म्हणून बाळ हातात राहिले.

"गाडीनं डबा फेकला बघ!" अक्का म्हणाली.

वाचकहो, आपण सगळेच असे बोलतो. लोकलला ब्रेक लागला की "धक्का बसला" म्हणतो. पण डब्याला पुढे ढकलणारे कोणीच नव्हते! तो गाडीच्या वेगाने आधीपासूनच चालला होता. गाडीला रस्त्याच्या घर्षणाने अडवले. डब्याला अडवायला गुळगुळीत सीटचे घर्षण होते, ते अपुरे पडले. चालती वस्तू, तिला कोणी अडवीपर्यंत, त्याच वेगाने सरळ चालत राहते. हेच जडत्व. न्यूटनने १६८७ साली आपल्या ग्रंथात गतीचा पहिला नियम म्हणून ते मांडले. त्या टेंपोतल्या लोखंडी नळ्या मात्र दोरखंडाने आवळून बांधलेल्या होत्या. माल कोणी सुटा नेत नाही!

आता बाळाचा हिशेब. वजन दहा किलो. गाडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला दहा मीटर. टक्कर होऊन अर्ध्या मीटरमध्ये थांबायचे, तर बाळाला धरून ठेवायला त्याच्या वजनाच्या सुमारे दहापट जोर लागेल. म्हणजे शंभर किलोचे पोते क्षणात तोलायचे! वेग दुप्पट झाला की हाच भार चौपट होतो. शिवाय पट्टा नसलेली अक्का स्वतःच मागून बाळावर येणार, ते वेगळेच.

पट्टा काय करतो? गाडीचे नाक चेपत असताना तो आपल्याला गाडीबरोबर सावकाश थांबवतो. तो नसला तर गाडी थांबते, आपण पुढेच जातो, आणि मग समोरची सीट किंवा काच आपल्याला दोन-चार इंचांत थांबवते. अंतर जितके कमी, तितका मार जास्त.

४ सप्टेंबर २०२२ रोजी याच मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर एक मोटार कठड्याला धडकली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले गृहस्थ दोघेही गेले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मागच्यांनाही पट्टा सक्तीचा, हा नियम तेव्हाही होताच. गाडी मात्र भारीतली होती.

हे सारे मी रस्त्याच्या कडेला, लाडू वेचता वेचता सांगितले. अक्काने मुकाट्याने पट्टा ओढून लावला. मग मांडीकडे पाहून म्हणाली, "आणि याचं काय? याला माझ्याच पट्ट्यात घेऊ?"

ते तर अधिकच घातक. आपल्याच भाराने बाळ चेंगरायचे. त्याला त्याची वेगळी लहान खुर्ची हवी, आणि ती भाच्याकडे नव्हती.

गाडी वसई रोड स्टेशनकडे वळवली आणि दादरला लोकलने गेलो. उरलेल्या लाडवांचा डबा अक्काने पायांत घट्ट धरून ठेवला होता.