रेडिएटरचे जुने कूलंट सोडायचे कोठे?



गळीत हंगाम संपला की आपल्या वाड्या-वस्त्यांवर ट्रॅक्टरच्या कामाला हात लागतो. चार-पाच महिने ऊस ओढून इंजिन मेटाकुटीला आलेले असते. मग ऑइल बदला, फिल्टर बदला, ब्रेक बघा, आणि त्याच झटक्यात रेडिएटरचा कॉक सोडून जुने कूलंटही खाली करा, असा शिरस्ता आहे. यातले जळके ऑइल कोणी वाया घालवत नाही. त्याला गिऱ्हाईक आहे, भंगारवाला दारात येऊन डबा घेऊन जातो. कूलंटला मात्र गिऱ्हाईक नाही. ते गोठ्याच्या कडेला सोडले जाते, मोरीत ओतले जाते, पाटात जाते, नाही तर ट्रॅक्टर विहिरीजवळच उभा असतो म्हणून तिथल्या तिथे मातीत मुरते. गटागटांतून फिरताना हे मी नेहमी बघतो आणि बोललो की एकच उत्तर येते, "साहेब, रंगीत पाणीच की ते!"

ते रंगीत पाणी नाही. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकोल नावाचे द्रव्य असते. पाणी लवकर उकळू नये आणि इंजिनाच्या आतल्या भागाला गंज चढू नये म्हणून ते व त्याच्या जोडीची इतर रसायने घालतात. हिरवे, लाल, गुलाबी, निळे हे रंग कंपनीने दिलेले असतात, त्यावरून विषारी कोणते आणि सौम्य कोणते हे कळत नाही. आणि मुख्य गोष्ट अशी की ग्लायकोल चवीला गोड आहे. आपण साखर कारखान्याचे सभासद, गोडाची ओढ कशी असते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कुत्रे ते चाटते, वासरू तोंड लावते, लहान पोर बोट बुडवून बघते. पाण्याचे डबके उन्हात वाळून जाते. ग्लायकोल मात्र सुमारे १९७ अंशांवर उकळते, त्यामुळे ते लवकर उडून जात नाही आणि गोड ओल तिथे बरेच दिवस राहते.

पोटात गेल्यावर काय होते तेही सांगतो. यकृत या ग्लायकोलपासून आम्ले तयार करते. शेवटचे ऑक्झॅलिक आम्ल रक्तातल्या कॅल्शियमला धरून मूत्रपिंडात बारीक स्फटिक करून बसते आणि मूत्रपिंड बंद पडते. १० किलोच्या कुत्र्याला ५०-६० मिलिलिटर शुद्ध ग्लायकोल पुरते, मांजरीला तर चमचाभर. मोठ्या माणसाच्या जिवावर १०० मिलिलिटरसुद्धा बेतू शकते. मोठ्या जनावराला जास्त लागते. पण जे वासरू अजून रवंथ करू लागले नाही, त्याला फार थोडे बाधते. यातला फसवा भाग असा की पहिल्या काही तासांत जनावर दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खाते, मग सावरल्यासारखे दिसते. घरच्यांना वाटते, बरे झाले. खरा घात त्यानंतर एक-दोन दिवसांत होतो आणि तोवर औषधाची वेळ टळलेली असते. वस्तीवरचे कुत्रे मेले की "कोणीतरी विष घातले" म्हणून शेजाऱ्याचा संशय घ्यायचा, ही आपली जुनी सवय. कधी कधी ते विष आपल्याच रेडिएटरमधले असू शकते.

ग्लायकोलच्या घराण्याचा फटका महाराष्ट्राने पाहिलेला आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषधी ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकोल मिसळलेले निघाले आणि १४ रुग्ण दगावले. त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. ते द्रव्य आपल्या कूलंटमधल्या ग्लायकोलचा भाऊबंद, आणि तेही मूत्रपिंडावरच उठते.

आता शेतकी शिकलेल्या माणसाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ग्लायकोल मातीत कायमचे राहत नाही. जमिनीतले जिवाणू ते काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत खाऊन टाकतात. हे ऐकून एक हुशार सभासद मला म्हणाले, मग मातीत सोडले तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. एक तर जिवाणूंनी खाईपर्यंतच्या दिवसांत जनावर त्यात तोंड घालते. दुसरे, पाण्यात गेले तर तेच जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि ओढ्या-तळ्यातले मासे वर येतात. मळी किंवा सांडपाणी ओढ्यात गेल्यावर मासे का मरतात हे आपल्याला ठाऊक आहे, त्यातलाच हा प्रकार. संडासाच्या टाकीत ओतले तर टाकीतले जिवाणू मरगळतात. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वापरलेले कूलंट हे नव्या कूलंटसारखे राहिलेले नसते. इंजिनातून आणि रेडिएटरमधून फिरून फिरून त्यात तांबे, जस्त, लोखंड उतरते, आणि जुन्या पितळी-तांब्याच्या रेडिएटरच्या डागांतले शिसेही उतरते. हे धातू कोणताही जिवाणू खात नाही. ज्या विहिरीचे पाणी आपण पितो तिच्या काठावर दर दोन वर्षांनी आठ-दहा लिटर असले पाणी मुरवायचे, हा व्यवहार मला पटत नाही.

मग घरी काय करावे? काम अवघड नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्याखेरीज रेडिएटरचे झाकण उघडू नका, तापलेल्या कूलंटने तोंड भाजते. कॉकखाली रुंद घमेले किंवा जुना टब ठेवा, कॉक सोडा आणि निथळेपर्यंत तिथून हलू नका. "जरा चहा घेऊन येतो" म्हणून उठलात की तेवढ्यात कुत्रे पोचलेच. मग नरसाळ्याने ते नव्या कूलंटच्याच रिकाम्या डब्यात भरा आणि बूच घट्ट लावा. डब्यावर रंगाने मोठ्या अक्षरात "विषारी – जुने कूलंट" असे लिहा. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत ते चुकूनसुद्धा भरू नका, घरात लहान मूल असो वा नसो. जळक्या ऑइलच्या डब्यात किंवा डिझेलमध्ये मिसळू नका. मिसळले की ऑइलही कामातून जाते आणि कूलंटही. डबा कीटकनाशके ठेवता त्याच कुलुपातल्या कपाटात ठेवा. सांडले तर त्यावर कोरडी माती किंवा भुसा टाका, शोषले की गोळा करून पिशवीत भरा, आणि ती पिशवीही डब्याशेजारीच ठेवा, उकिरड्यावर नको.

जनावराने किंवा माणसाने ते प्यायल्याचा नुसता संशय आला तरी डबा सोबत घेऊन लगेच डॉक्टर गाठा, लक्षणांची वाट बघत बसू नका. या विषावर दवाखान्यात अल्कोहोल हे उतारा म्हणून वापरतात हे खरे आहे. आपल्या कित्येक कारखान्यांच्या आसवनीत तेच तयार होते. म्हणून कोणी घरी बाटली पाजण्याचा उद्योग करू नये. त्याचे प्रमाण डॉक्टरच ठरवतात.

कूलंट कमी वेळा बदलावे लागेल असेही करता येते. आपल्या भागात बोअरचे पाणी जड आणि खारे. तेच रेडिएटरमध्ये भरले जाते, मग आत खपली धरते, कूलंट लवकर नासते आणि मुदतीआधीच टाकून द्यावे लागते. कारखान्याच्या बॉयलरमध्ये कोणी बोअरचे पाणी सोडतो का? तिथे पाणी मऊ करून घेतात, कारण खपली धरली की नळ्या जातात. रेडिएटरच्या नळ्या त्याहून बारीक असतात. तयार मिश्रण तरी घ्या किंवा बॅटरीसाठी मिळते ते शुद्ध पाणी घाला. बदलण्याची मुदत ट्रॅक्टरच्या पुस्तकात असते, मेस्त्रीच्या लहरीवर सोडू नका. कंपनीच्या वर्कशॉपला सर्व्हिसिंग करत असाल तर जुने कूलंट ते कुठे टाकतात हेही एकदा विचारा. विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, पैसे आपण देतो.

इथवर सभासदाचे काम झाले. पण भरलेला डबा कपाटात किती वर्षे ठेवायचा? खेडेगावात घंटागाडी आली तरी ती हा डबा घेणार नाही, आणि घेतला तरी कचरा डेपोवरच रिता करील. म्हणून माझे मत असे की उरलेले अर्धे काम कारखान्याने उचलले पाहिजे. आपल्या यंत्रशाळेतून, वाहन विभागातून आणि प्रयोगशाळेतून असा कचरा निघतोच. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे त्याची नोंद ठेवून तो अधिकृत ठिकाणी पाठवणे कारखान्यांवर बंधनकारक आहे. रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी येथे त्यासाठी सामाईक केंद्रे चालू आहेत. एका शेतकऱ्याला दहा लिटरचा डबा घेऊन रांजणगावला जाता येणार नाही. पण गट कार्यालयात एक पिंप ठेवले, हंगाम संपल्यावर पिंपे कारखान्यावर आणली आणि कारखान्याच्या कचऱ्याबरोबर रवाना केली, तर वेगळा खर्च फारसा येऊ नये. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीत याचा समावेश करून घ्यावा लागेल. ते कागदी काम आहे, अशक्य नाही. सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीत ओतून मोकळे होऊ, अशीही एक सूचना कानावर आली. धातूंची तपासणी केल्याखेरीज तसे करू नये, असे मला वाटते.

"आधीच एवढी कामे, त्यात हे कुठे?" असे काही संचालक म्हणतील. त्यांना गाडीतळावर एक चक्कर मारायला सांगावेसे वाटते. हंगामात तिथे रात्रंदिवस ट्रॅक्टर उभे असतात, नंबर लागेपर्यंत तिथेच गळते कूलंट भरले जाते आणि तिथेच सोडलेही जाते. जवळच तोडणी मजुरांच्या कोप्या, त्यांची बैले आणि त्यांची लेकरे. रंगीत रिकामे डबे ती लेकरे गोळा करून नेतात आणि त्यांच्या आया त्यात पिण्याचे पाणी भरतात. ही मंडळी आपल्या उसासाठी घर सोडून आलेली असतात आणि डब्यावरचे इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. गाडीतळावर एक पिंप, एक मराठी फलक आणि रिकामे डबे चेचून जमा करणारा एक माणूस, एवढे येत्या हंगामाआधी व्हावे. यासाठी वार्षिक सर्वसाधारण सभेची वाट पाहण्याचेही कारण नाही.

सर्वसाधारण सभेत मात्र गट कार्यालयातल्या पिंपांचा विषय घ्यावा, अशी विनंती मी शेती विभागामार्फत करणार आहे. आपल्या गटातून किती ट्रॅक्टर आहेत आणि वर्षाला अंदाजे किती लिटर जुने कूलंट निघते, हा आकडा सभासदांनी आपापल्या चिटबॉयकडे उसाच्या नोंदीबरोबर लिहून द्यावा. पिंपे किती लागतील याचा हिशोब त्यावरूनच मांडता येईल.

– ऊस विकास अधिकारी