सर विसरू लागतात तेव्हा

अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षक पॅट समिट यांनी २३ ऑगस्ट २०११ रोजी आपल्याला अल्झायमर झाल्याचे स्वतःहून जाहीर केले. तेव्हा त्यांचे वय ५९ होते. बाविसाव्या वर्षी त्यांनी संघाची सूत्रे घेतली आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. एवढ्या धारदार बुद्धीच्या बाईला हा आजार होईल, यावर अनेकांचा विश्वासच बसेना. पण विद्यापीठाने त्यांना लगेच घरी बसवले नाही. पुढचा पूर्ण हंगाम त्या संघाबरोबर होत्या. कामाचा मोठा भार हॉली वॉरलिक आणि इतर सहायकांनी उचलला, आणि प्रेक्षक त्यांना पाठिंबा देणारे टी-शर्ट घालून सामन्यांना येत राहिले. एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी पद सोडले. २०१६ मध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

हीच गोष्ट प्रताप नगरात घडली तर? समजा, शाळेच्या खो-खो संघाचे सर आहेत. वय छप्पन्न. परिसरातल्या दोन पिढ्या त्यांच्या शिट्टीवर धावल्या. आता ते तोच सराव दोनदा घेतात, सामन्याची वेळ चुकवतात, नेहमीच्या खेळाडूचे नाव त्यांना आठवत नाही, आणि कुणी चूक दाखवली की भडकतात. मैदानावर पहिली प्रतिक्रिया असते हसण्याची. दुसरी, ‘सर आजकाल घेतात वाटतं’ अशी कुजबुज. तिसरी घरातली: ‘टेन्शन आहे, होईल ठीक.’ डॉक्टरांनी निदान सांगितल्यावर चौथी येते: ‘कुणाला सांगू नका, मुलीचं लग्न व्हायचं आहे.’

या चारही प्रतिक्रियांमध्ये दुष्टपणा क्वचितच असतो. असते ते अज्ञान आणि भीती. ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीने मराठी माणसाच्या मनात विसरण्याचे नाते म्हातारपणाशी पक्के जोडून ठेवले आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले वृद्ध संस्कृत पंडित पाहून डोळे पाणावतात. पण छप्पन्नाव्या वर्षी कर्तबगार माणूस विसरू लागला, की करुणेऐवजी संशय येतो. तो आळशी ठरतो, व्यसनी ठरतो किंवा बेफिकीर ठरतो.

वास्तविक या आजाराची वैद्यकीय ओळखच एका अशाच रुग्णामुळे झाली. १९०१ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टच्या रुग्णालयात डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ज्या स्त्रीला तपासले, तिचे वय ५१ होते. ६५ वर्षांच्या आत सुरू होणाऱ्या डिमेन्शियाचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एकूण रुग्णांच्या नऊ टक्क्यांपर्यंत असू शकते. टक्का लहान दिसतो, पण या वयात घराचे हप्ते, मुलांचे शिक्षण आणि नोकरी हे सगळे एकाच वेळी सुरू असते. म्हणून एका निदानाने अख्खे घर हादरते.

मेंदूत काय घडते, हे समजले तर वागणेही बदलते. अल्झायमरमध्ये बहुधा आधी नवी आठवण साठवण्याची क्षमता जाते. वर्षानुवर्षे अंगात मुरलेली कौशल्ये तुलनेने जास्त काळ टिकतात. त्यामुळे सकाळी काय ठरले ते विसरणारे सर खेळाडूचा पाय कुठे चुकतो, हे अजून अचूक सांगू शकतात. डिमेन्शियाच्या दुसऱ्या एका प्रकारात मेंदूच्या पुढच्या भागावर आधी परिणाम होतो. तिथे स्मरणशक्ती शाबूत दिसते, पण संयम, विवेक आणि बोलण्याचे भान सुटते. असा माणूस आजारी नव्हे, तर ‘बिघडलेला’ मानला जातो.

प्रत्येक विसरणे डिमेन्शिया नसते, हेही तितकेच खरे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, काही औषधे, डोक्याला मार लागून मेंदूभोवती साचलेले रक्त यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात, आणि यांतल्या बहुतेकांवर उपचार आहेत. लपवण्याचा सगळ्यात मोठा तोटा हाच: बरे होऊ शकणारा माणूसही तपासणीविना राहतो. नागपुरात मेडिकल आणि त्याचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे, मिहानमध्ये एम्स आहे. बोलून मन मोकळे करायचे असेल तर १४४१६ या क्रमांकावर टेलिमानसची सरकारी सेवा आहे. अल्झायमर बरा करणारे औषध आज नाही. पण काही औषधांनी लक्षणांना काही काळ आधार मिळतो. आणि निदान लवकर झाले तर रुग्णाला स्वतःचे निर्णय स्वतः घेता येतात.

मुलीच्या लग्नाची भीती खोटी नाही, पण ती बरीचशी गैरसमजावर उभी आहे. एका जनुकातल्या दोषामुळे थेट पुढच्या पिढीत उतरणारा अल्झायमर असतो, मात्र असे रुग्ण थोडे असतात. कमी वयात आजार सुरू झाला असेल तर ही शक्यता तज्ज्ञांना विचारावी. शेजाऱ्यांच्या चर्चेवर सोडू नये.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मुलांची जबाबदारी अशा माणसाकडे कशी ठेवायची? पोहण्याच्या तलावावर किंवा बाहेरगावच्या स्पर्धेला सरांनी एकट्याने मुले नेऊ नयेत, हे उघड आहे. पण ‘सगळे काढून घ्या’ आणि ‘सगळे तसेच चालू द्या’ यांच्या मध्ये बरीच जागा आहे. सोबत सहायक देता येतो, सराव वहीत लिहून ठेवता येतो, हिशेब आणि प्रवास दुसऱ्याकडे सोपवता येतो, दर काही महिन्यांनी कामाचा आढावा घेता येतो. समिट यांच्याबाबतही सगळे गोड नव्हते. पद सोडण्याचा निर्णय पूर्णपणे त्यांचा होता की नाही, यावरून पुढे न्यायालयीन प्रकरणात वाद झाला. कधी थांबायचे, हे रुग्ण, कुटुंब आणि संस्था यांनी निदानानंतर लगेच बोलून ठरवले, तर असे वाद टळतात.

कायदा काही अंशी पाठीशी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराची व्याख्या करताना स्मरणशक्तीच्या गंभीर बिघाडाचाही उल्लेख आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढू नये, गरज पडल्यास त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे, असे हा कायदा सांगतो. पण विनाअनुदानित खासगी शाळेतल्या किंवा मानधनावरच्या प्रशिक्षकाला हे कवच सहसा नाही. आणि मैदानावरचे बहुतेक सर असेच असतात. त्यांचे काय, याचे उत्तर शाळांनी, क्रीडा संघटनांनी आणि सरकारने द्यायला हवे.

तोवर माजी विद्यार्थ्यांच्या हातात एक काम आहे. सत्कार, शाल-श्रीफळ जरूर करावे; पण त्याआधी सरांना डॉक्टरकडे घेऊन जाणारा कुणी आहे का, बँकेची आणि विम्याची कागदपत्रे वेळेत होत आहेत का, दिवसभर सांभाळणाऱ्या घरच्यांना आठवड्यातून दोन तास मोकळे मिळतात का, हे विचारावे. सरांनी एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तर तिसऱ्यांदा उत्तर द्यावे. त्यांनीही एकेकाळी तीच चूक शंभरदा दुरुस्त केली होती.