व्हर्सायच्या बागेंतील पाणी

फ्रान्सच्या इतिहासाचा पाठ निघाला म्हणजे व्हर्सायच्या राजवाड्याचें चित्र वर्गांत हातोहात फिरतें, आणि बहुतेकांचा अभिप्राय एकच पडतो, कीं अशी बाग पुन्हां होणें नाहीं. चित्रांत कारंजीं उंच उडत असतात. आमचा आक्षेप त्या कारंज्यांवर आहे, बागेवर नाहीं.

बागेचें श्रेय प्रथम बागेस देऊं. १६२३ सालीं तेराव्या लुईनें येथें शिकारीसाठीं एक लहानसें घर बांधलें. भोंवतीं रान आणि दलदल. त्याचा पुत्र चौदावा लुई यानें १६६१ च्या सुमारास बाग रचण्याचें काम आंद्रे ल नोत्र याजकडे सोंपविलें. हा गृहस्थ माळ्यांच्या कुळांतला. त्याचे आजोबा व वडील दोघेही पॅरिसच्या त्यूईलरी बागेंत राजाचे चाकर. जमिनीचा उतार त्यानें जसा ओळखला, तसा फार थोड्यांनीं ओळखला असेल. वाड्याच्या मधल्या खिडकींतून पश्चिमेकडे पाहावें, तों पायऱ्या, हौद, हिरवळीचा लांब पट्टा यांवरून जाणारी एकच सरळ रेषा क्षितिजास भिडते. तिच्या शेवटीं सुमारें १६७० मीटर लांबीचा मोठा कालवा आहे. तो शोभेचा खरा. पण आसपासच्या दलदलीचें पाणी त्यांतच उतरतें, म्हणजे कामाचाही आहे. दोन्ही अंगांस दाट झाडीच्या आड लहान लहान उपवनें दडविलीं आहेत. सर्व एकदम दिसूं नये, चालणाऱ्यास पुढें कांहीं शिल्लक राहावें, ही योजना. येथपर्यंत आम्ही ल नोत्रपुढें हात जोडतों.

परंतु व्हर्सायला पाणी नव्हतें, आणि राजास तर कारंजीं पाहिजेत! सीन नदी कांहीं मैलांवर, तीही पुष्कळ सखल. तेव्हां १६८१ ते १६८४ या वर्षांत तिच्या कांठीं मार्ली येथें १४ अजस्र चाकांचें यंत्र उभें राहिलें. नदीच्या ओघानें चाकें फिरत, २०० हून अधिक पंप चालत, आणि पाणी टप्प्याटप्प्यानें दीडशें मीटरांहून अधिक वर चढे. त्यानेंही भागेना. म्हणून १६८५ त ऊर नदीचें पाणी वळवून आणण्याचा बेत निघाला आणि त्यावर सुमारें ३०,००० सैनिक लाविले. तापानें त्यांतले कितीतरी दगावले. १६८८ सालीं युद्ध पेटलें, काम थांबलें, तें कायमचेंच. मेंतनों येथें त्या जलसेतूच्या अपुऱ्या कमानी अजून उभ्या आहेत. नदी मात्र व्हर्सायला आली नाहीं.

इतकें करून कारंजीं दिवसभर उडत असत म्हणावें, तर तेंही नाहीं. राजाची स्वारी बागेंत निघाली, कीं कारंजेवाले शीळ घालून एकमेकांस इशारा देत. स्वारी जवळ येतांच कारंजें सुरू होई. पाठ फिरली, कीं बंद. सैनिकांनीं ज्यासाठीं प्राण वेंचले, तें एका स्वारीच्या नजरेपुरतें वाहत असे.

कोणी म्हणेल, आज त्या बागेंत सामान्य माणसें हिंडतात, १९७९ पासून ती जागतिक वारशांत गणली आहे. मग जुनें उकरून काय लाभ? हिंडावें, अवश्य हिंडावें. आमची तक्रार पुस्तकांविषयीं आहे. आम्हीं पाहिलेल्या पुस्तकांत चित्राखालीं राजाचें नांव असतें, ल नोत्रचें क्वचित्. आणि ऊर नदीवर मेलेल्यांची तर ओळही नसते. व्हर्सायचें चित्र ज्या पानावर छापावयाचें, त्याच पानावर मेंतनोंच्या कमानींचेंही छापावें. लहान असलें तरी चालेल.