कंबर मोडून नोकरी नको

तबेल्यात राबणाऱ्या बांधवांची कंबर धरली की घरोघरी एकच उत्तर मिळते, "काम आहे, दुखणारच!" आम्हाला हे मान्य नाही. शेणाची भरलेली घमेली आणि ५० किलोचे पेंडीचे पोते रोज एकट्याने उचलल्यावर येणारे दुखणे नशिबाचे नसते, कामाच्या पद्धतीचे असते. पद्धत बदलता येते.

घमेले अर्धेच भरा. गुडघ्यांत वाका, ओझे अंगाशी धरा, उचलताना कमरेत वळू नका. पोते दोघांनी उचला. दुखले म्हणून आठवडाभर पडून राहू नका. झेपेल तेवढे हिंडते-फिरते राहा. वेदनाशामक गोळ्या मनाने रोज खाल्ल्यास पोट आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. पायातली शक्ती गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पण सगळी जबाबदारी मजुराचीच कशी? शेण वाहायला हातगाडी देणे हे मालकाचे काम आहे. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आणणारे विधेयक मांडले. शरीराला मर्यादा असते, हे तबेल्याच्या मालकांनाही सांगावे लागेल. आणि ते एकट्याने नव्हे, संघटितपणे. जय भीम!